मावसाजींनी निवडलेला मॉनिटर

प्रश्न विचारून विचारून समोरच्याला स्वतःच्याच धंद्याविषयी शंका यायला लावणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मोठ्या मावशीचा नवरा निघाला. मावसाजींनी जन्मभर कोशाचं, म्हणजे कोसा रेशमाचं कापड विणलं. माग थांबला तरी तोंड थांबलं नाही. डॉक्टरांनी डोकेदुखीची गोळी दिली की हे विचारणार, "पोटात गेल्यावर तिले कसं समजते का डोकं दुखून राहिलं?" बाहेर रांग खोळंबलेली आणि आत डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावतायत, असं मी स्वतः पाहिलं आहे. गोंदिया भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा होऊन कितीतरी वर्षं लोटली होती, पण "मले कोणी विचारलं होतं का?" म्हणून मावसाजींनी तो अजून मंजूर केला नव्हता.

मी भंडाऱ्यात एका फोटो स्टुडिओत एडिटिंग करायची. मालकांनी स्टुडिओ बंद केला आणि आसगावच्या एका लग्नाचं सगळं चित्रीकरण माझ्या हाती दिलं. म्हणाले, "हे नीट करून दे, पुढची कामं तुझ्याकडेच पाठवतो." घरातला जुना कॉम्प्युटर तीन मिनिटांचा व्हिडिओ लावला की गपकन बंद पडायचा. नवा घ्यायचा तर साठवलेले पैसे जेमतेम. मावशीकडे जाऊन मी रडगाणं गायले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावसाजी डबा घेऊन दारात. "चाल पोरी, नागपूरले."

नागपूरच्या दुकानदाराने कॉम्प्युटरचा काचेचा, आत रंगीत दिवे लुकलुकणारा कॅबिनेट पुढे केला. मावसाजींनी चष्मा सावरला. "ह्या दिव्यानं व्हिडिओ लवकर कापला जाते का?"

"नाही काकाजी, दिसायला चांगला दिसते."

"मंग काम कोण करते?"

त्याने प्रोसेसर दाखवला. रॅम म्हणजे काम पसरायची जागा, असं सांगितलं. "मंग करणारा चांगला दे, जागा जास्त दे. दिवे राहू दे, हिचं लग्न झालं आहे."

मॉनिटरपाशी मात्र त्यांनी कहर केला. पिशवीतून कोशाच्या कापडाचा तुकडा काढला, मला त्याचा फोटो काढायला लावला आणि तो फोटो एकेका मॉनिटरवर लावून तुकडा शेजारी धरला. एकावर कोसा हळदीसारखा पिवळा, दुसऱ्यावर शेवाळलेला. दोन तास गेले. दुकानदाराने आधी चहा मागवला, मग खुर्ची दिली, शेवटी तोही चुरशीने एकेक मॉनिटर उतरवू लागला. कोपऱ्यातल्या एका साध्यासुध्या मॉनिटरपाशी मावसाजी थांबले. "हा खरं बोलते." परतताना एसटीत त्यांनी तो आपल्या सीटवर बसवला आणि स्वतः भंडाऱ्यापर्यंत उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "काकाजी, खोका खाली ठेवा अन् बसा." तर म्हणे, "मी पडलो तं उठीन. हा उठन का?"

पैसे वाचवायला कॅबिनेट एका बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेतून जुनाच आणला. मावसाजींनी तो साबणाने घासून गच्चीवर मावशीच्या मिरच्यांशेजारी दोन दिवस वाळवला. मग मी व्हिडिओत बघून बघून नागपूरहून आणलेले सगळे सुटे भाग त्यात जोडले आणि बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं, काळाच. सगळे पैसे गेले, आसगावच्या लोकांना काय सांगू, म्हणून मी तिथेच रडायला बसले. मावसाजींनी एकही प्रश्न विचारला नाही. हे त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडलं असावं. जरा वेळाने म्हणाले, "रडणं झालं का तं एका कडेपासून काढ. घाई कायले? मी बसून आहो."

मी एकेक भाग काढून परत बसवला. रॅमची पट्टी एका टोकाला अर्धवटच बसली होती. दाबली तशी टक्क वाजली आणि या खेपेला पडदा उजळला. मी ओरडले. मावसाजी तोवर चपला घालून जेवायला निघालेही होते.

आसगावचं काम वेळेत गेलं आणि मागोमाग दुसरी कामं आली. घर त्यावर चालू लागलं. दिवाळीत मावशी बोलता बोलता सांगून गेली, की आम्ही नागपूरला गेलो तोच मावसाजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस होता. तो चुकला आणि पुढची तारीख थेट हिवाळ्याची मिळाली. म्हणजे तो मॉनिटर त्यांनी एका डोळ्याने निवडला होता! मी तावातावाने जाब विचारायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "डोळा कुठं पळून जाते? तुये कामवाले पळाले असते."

ऑपरेशननंतर हिरवी पट्टी सुटली तेव्हा ते माझ्याकडे आले, आणि आसगावचं लग्न लाव म्हणाले. त्या लग्नातलं कोणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. तरी हळदीपासून बघत बसले. "हा रुसला काहून? ही बाई कोण?" असं चाललं होतं. नवरदेवाची वरात मांडवात येईपर्यंत प्रश्न विरळ झाले आणि मंगलाष्टकांच्या सुमारास थांबले. पाहते तर खुर्चीतच डोळा लागलेला. त्या दिवशी चहा देताना त्यांना त्या चुकलेल्या तारखेबद्दल काहीतरी सांगायचं, असं मी सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं. उठवावंसं वाटलं नाही. आवाज बारीक केला आणि लग्न तसंच पुढे चालू ठेवलं. नंतर ते पुष्कळदा आले, मावशी गेल्यावर तर रोजच, आणि शेवटी येईनासे झाले. पण तेवढं एक सांगायचं राहिलं ते राहूनच गेलं.