बनावट पाटीवर फिरवलेले बोट

मित्रमैत्रिणींनो, चारचौघांत तोंड न उघडणारी मी आज लातूरच्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात बोलले.

गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने अहमदपूरच्या आमच्या किराणा दुकानावरची चहाच्या जाहिरातीची इनॅमलची पाटी फुकटात नेली. "नकली हाय काका, भंगारात बी कुणी घेणार न्हाई," असे म्हणाला होता. ती दुर्मीळ होती हे कळल्यापासून बाबा स्वतःलाच दोष देतात.

आज तोच माणूस तिची नक्कल अस्सल म्हणून एका संग्राहकाला विकत होता. पुरावा म्हणून दाखवत होता पाटी लावलेल्या आमच्याच दुकानाचा फोटो!

मी पाटीवरून बोट फिरवले. खऱ्या इनॅमलमध्ये प्रत्येक रंगाचा थर बोटाला जाणवतो, हे मी वाचले होते. ही सपाट होती.

"ही छपाई आहे. खरी पाटी आमची होती," मी म्हणाले.

"ए पोरी, तुला काय कळतंय?" तो खेकसला.

संग्राहकाने स्वतः बोट फिरवले. "बरं झालं ताई, सांगितलंत," म्हणून ते निघून गेले. व्यापाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

प्रदर्शन उद्याही आहे. प्रदर्शनाचे दार उघडताच मी त्याच्या गाळ्यापाशी जाऊन येणाऱ्या प्रत्येकाला ही खूण दाखवणार आहे. हा सूडच आहे, हे मला मान्य आहे. तुम्ही आज एवढ्यावरच थांबला असतात का?