गफूरचाचा आणि ओरडणारा माणूस

चित्रातला माणूस हसत असेल, तर गफूरचाचा स्वतः हसत हसत रंगवायचे. मी शाळेत असताना औशाच्या बसस्टँडसमोर त्यांना पहिल्यांदा पाहिलं. शिडीवर चढून ते एका पुढाऱ्याचा फलक रंगवत होते आणि त्या पुढाऱ्यासारखेच गाल ताणून भिंतीकडे बघत गोड हसत होते. मी घाबरून आईचा पदर धरला. आई म्हणाली, घाबरू नको, ते पेंटर आहेत. पुढं टॉनिकच्या जाहिरातीतला पैलवान रंगवताना छाती काढून, गाल फुगवून बसलेले चाचा पाहिले, तेव्हा मात्र हा माणूस ठार वेडा असल्याबद्दल माझी खात्री पटली.

विचारलं की म्हणायचे, "तोंड केल्याबिगर तोंड निघत न्हाई, बेटा."

फ्लेक्स आले आणि फलकांचं काम बसलं. चाचा हात चोळत बसणाऱ्यांतले नव्हते. लातूरला नवीन फ्लॅट उठत होते आणि हॉलच्या भिंतीला परदेशी चित्रकारांची गाजलेली चित्रं हवी, अशी टूम निघाली होती. भडक रंगांची, वाकड्यातिकड्या माणसांची. चाचा मोबाइलवरून चित्र मोठं छापून आणत, त्यावर चौकोन आखत आणि हातानं हुबेहूब नक्कल करत. एका डॉक्टरीणबाईंनी हिरव्या चेहऱ्याची बाई जरा गोरी करून मागितली. चाचा म्हणाले, "ही हिरवीच हाय. गोरी पाहिजे तर तुमचा फोटू द्या." त्यांना स्वतःला एका चित्रातली निळी घोडी फार आवडायची. ती रंगवताना ते नाकपुड्या फुगवून बसत. त्यांची सूनबाई चहा ठेवून, वर न बघता निघून जायची.

आमच्या घराशी त्यांचं नातं जडलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. माझा धाकटा भाऊ सुधाकर लातूर रस्त्यावर मोटारसायकलसकट उसाच्या ट्रॉलीखाली आला, तेव्हा चाचा तिथंच एका गोदामाच्या भिंतीवर सिमेंटची जाहिरात रंगवत होते. सगळ्यांत आधी तेच धावले. नंतर घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "जागच्या जागी गेला, अक्का. कळलं बी न्हाई त्याला." आई त्या एका वाक्यावर जगली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची, की लेकराला कळलंसुद्धा नाही. माझाही जीव त्याच वाक्यावर तगून होता.

मी नांदेडला नोकरीला होते. तिथं फ्लॅट घेतला, तेव्हा एका मैत्रिणीच्या घरी पाहिलेलं चित्र माझ्या डोक्यात बसलं होतं. मागं रक्तासारखं लाल आभाळ, पुढं पूल आणि पुलावर दोन्ही हात कानांवर दाबून ओरडणारा एक माणूस. असलं चित्र घरात लावायची हौस मला का होती, हे मी आजही नीट सांगू शकणार नाही. चाचांनी टाळून पाहिलं. "निळी घोडी घे की, बेटा. वरडणारा माणूस कशाला घरात?" पण मी जन्माची हट्टी. शेवटी त्यांनी मान डोलावली. पुढं काम रेंगाळतच गेलं. सूनबाई फोनवर म्हणाली, अब्बा त्या चित्रासमोर तोंड उघडून बसतात, डोळ्यांतून पाणी येतं आणि विचारलं तर रंग गेला म्हणतात. मला हसू आलं.

वास्तुशांतीच्या दिवशी चाचा चित्र चादरीत गुंडाळून एसटीनं आले. जेवणं उरकली होती, घरचीच माणसं उरली होती. मी हौसेनं चादर काढली. आभाळ तर असं उतरलं होतं की मी वा म्हणणार होते. मग चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

मूळ चित्रातला तो चेहरा कुणाचाच नाही. त्याला ना केस, ना दात. या चित्रात मात्र उघड्या तोंडात वर समोरचा एक दात होता, तिरका तुटलेला. सुधाकरनं लहानपणी हापशाच्या दांड्यावर आपटून घेतला होता, तोच. मी चाचांकडे पाहिलं. ते चित्राकडे असं बघत होते, जणू दुसऱ्याच कुणीतरी ते रंगवलं होतं. त्यांचा हात चादर शोधत होता, पण चादर माझ्या हातात होती.

आई उठून चित्राजवळ आली होती. तिनं त्या दातावरून बोट फिरवलं.

"गफूरभाई," ती म्हणाली, "वरडला का वो माझा लेक?"

इतकी वर्षं सांभाळलेलं वाक्य त्यांना पुन्हा म्हणता आलं असतं. मी मनात देवाला हात जोडले, की चाचांनी ते म्हणावं.

"हाव, अक्का."

"लई वेळ?"

"ट्रॉली उचलेपत्तुर." "मला कळलंच न्हाई, अक्का. तोंड करायला बसलो अन् हात आपसूक चालला." मग म्हणाले, "म्या हात धरून बसलो होतो त्याचा. शेवटपत्तुर सोडला न्हाई."

मला त्यांचा भयंकर राग आला. आईची एकुलती एक समजूत या माणसानं भर घरात मोडली होती. तिला आत न्यायला मी पुढं झाले, तर तिनं माझा हात बाजूला सारला.

"कोणता हात?" तिनं विचारलं.

चाचांनी उजवा हात पुढं केला. नखांत अजून लाल रंग होता. आईनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ती तिथंच फरशीवर बसली. तिनं हात सोडला नाही, म्हणून चाचाही तिच्यासमोर खाली बसले.