दाराशी उभी राहिलेली बॅग

विमान कंपनी बंद पडते म्हणजे काय होतं, असं कुणी विचारलं तर मी आधी सोलापूरच्या आमच्या घराचं दार दाखवीन. त्या दाराशी माझी चाकांची बॅग महिनोन् महिने उभी होती आणि तिच्यापायी मला घरात नीट बसताही येत नव्हतं.

मी हवाई सुंदरी होते. हा शब्द मला कधीच आवडला नाही, पण होटगीच्या आमच्या भावकीला दुसरा कुठला सांगणार? सुटीवर घरी आले होते, तेव्हाच फोनवर निरोप आला. सगळी उड्डाणं काही दिवसांपुरती थांबवली आहेत, पुढच्या सूचनेची वाट पाहा. अप्पांना वाचून दाखवला. ते रेल्वेत ड्रायव्हर होते, उभा जन्म मालगाड्यांवर गेलेला. शांतपणे म्हणाले, "थांबतीच की गाडी. सिग्नल पडला की निघती. तू बॅग हलवू नगं."

आमच्या घरची रीतच ती. ड्रायव्हरच्या ड्यूटीला वेळकाळ नसतो. मी लहान असताना ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलमन सायकलची घंटा वाजवत क्वार्टरवर यायचा आणि अप्पा दाराशी ठेवलेली लोखंडी पेटी उचलून निघायचे. टॉर्च, झेंड्या, कपडे, कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळं त्यात कायम भरलेलं. ती रिकामी करायची नाही, जागची हलवायची नाही, आणि कॉल येणार असेल तर गाव सोडायचं नाही. रिटायर झाले तरी पेटी दाराशीच राहिली. सायकलची घंटा वाजली की अजूनही झोपेतून ताडकन उठून बसायचे. आता त्या पेटीशेजारी माझी बॅग आली.

मग आम्ही दोघं कॉलची वाट बघायला लागलो. वळसंगला मामेबहिणीचं लग्न होतं, मी गेले नाही. फोन चार्जिंगला लावला तरी त्याच्यापाशी उभी. रोज आंघोळ झाली की घट्ट अंबाडा घालायची, त्यावर जाळी लावायची आणि त्या थाटात भांडी घासायची. आई, म्हणजे आमची अव्वा, म्हणायची, "अगं, इमानात चाललीस का मोरीत?" मी तिच्यावर खेकसायची. शेजारीपाजारी रोज विचारायचे, कधी सुरू होणार? जशी काही विमानांची किल्ली माझ्याच कमरेला होती!

बरोबरच्या मुली एकेक करून दुसरीकडे लागल्या. मलाही हैदराबादच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. अप्पांनी मान हलवली. "आपली लाईन सोडून दुसऱ्याच्या गाडीवर चढायचं न्हाय. कॉल आला आन् माणूस घरी न्हाय, लई नाचक्की व्हती." मी गेले नाही. राग अप्पांवर काढला, पण पाय माझाच निघत नव्हता. दुसरीकडे गेले तर आपली कंपनी मेली हे मान्य करावं लागलं असतं.

त्याच कंपनीनं पुन्हा बोलावलं, या वेळी शेवटचं म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी मी नुसती दारापासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात एका मैत्रिणीनं फोटो पाठवला. विमानतळाच्या कोपऱ्यात आमची विमानं ओळीनं उभी होती. मी फोन अप्पांसमोर धरला. "बघा तुमच्या थांबलेल्या गाड्या!"

अप्पांनी चष्मा लावला आणि पंखाखाली बोट ठेवलं. "हितं काय असतंय?"

"इंजिन."

"मग कुटं हाय?"

"काढून नेलं. भाड्याचं होतं, मालकानं परत घेतलं."

अप्पांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "इंजिनच नेलंय व्हय? मग कसला सिग्नल पडतोय, पोरी."

ते उठले, माझी बॅग आडवी केली आणि उघडली. गणवेश, उंच टाचांचे बूट, स्कार्फ, एकेक वस्तू काढून दिवाणावर मांडली. "हात लावू नका," मी ओरडले आणि मग तिथंच बसून ढसाढसा रडले. बऱ्याच दिवसांचं साठलेलं होतं. अप्पा तसेच उकिडवे बसून राहिले. "कॉल कॅन्सल झालाय," ते म्हणाले. "आता तू मोकळी हाईस. उद्याची गाडी धर." रिकाम्या बॅगेत अव्वानं माझे साधे कपडे भरले.

मुलाखत देऊन तिसऱ्या दिवशी दुपारी घरी परतले. निकाल कळायचा होता. बॅग आत घेताना दाराशी कशाला अडली नाही, म्हणून खाली बघितलं. अप्पांची पेटी तिथं नव्हती.

"सकाळी त्यांनीच मोकळी केली," अव्वा म्हणाली. स्वयंपाकघरात कट्ट्याखाली पेटी होती आणि अव्वा तिच्यात कडक भाकऱ्या रचून ठेवत होती.

अप्पा बाहेरच्या खोलीत पाय ताणून झोपले होते. रस्त्यावर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली. मी सवयीनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नुसती कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागले.