ओढून पाहिलेली कुंडले

या चराचरात जे जे म्हणून जोडलेले आहे, ते ओढून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये, अशी माझ्या धाकट्या मेहुणीची अढळ श्रद्धा होती. कुरुंद्यातील आमच्या घरी आली की ती आधी दाराची कडी ओढी, मग बादलीचा कान, आणि पाया पडून उठता उठता माझ्या सदऱ्याचे बटण. लेकीला पाहावयास आलेल्या मुलाच्या बाहीचे बटण तिने असेच ओढले, तो ते हाती आले. मुलगा नुसता हसला. मेहुणीने तेथेच सुईदोऱ्याने ते लावून दिले आणि होकार कळविला. ओढल्यावर जो रागावत नाही तो टिकतो, हे तिचे प्रमाण.

त्याच लेकीने पुण्याहून पॉलिमर क्लेच्या रंगीत वड्या आणल्या. कणकेसारखी मळावी, आकार द्यावा, छोट्या ओव्हनमध्ये भाजावी, अशी ती माती. गावदेवीची सोन्याची कुंडले चोरीच्या भयाने पेटीबंद असत आणि पालखीतल्या मुखवट्याचे कान उघडे राहत. म्हणून मेहुणीने देवीसाठी कुंडले घडविली. पूजा माझ्याकडे असल्याने मीच ती चढविली. परंतु चैत्री पौर्णिमेच्या मिरवणुकीत डावे कुंडल निखळले. पितळी कडी देवीच्या कानातच राहिली, माती तेवढी पायदळी गेली. भाजून गुळगुळीत झालेल्या मातीवर तिने कडी नुसती डिंकाने चिकटविली होती. "मातीचं ते, मातीतच जानार," तिची जाऊ सर्वांदेखत म्हणाली.

मेहुणी मला एवढेच म्हणाली, "दाजी, देवीचं म्हनून तेवढं ओढलं न्हाई. तिथंच चुकलं." आणि न निखळणारी कुंडले होईतो देवीला तोंड दाखवायचे नाही, असा तिने नेम धरला.

मग वर्षभर तिची तपश्चर्या चालली. तारेचे टोक गोगलगायीसारखे वळवून कच्च्या मातीत रुतवायचे, वर मातीचा दुसरा थर द्यायचा आणि मगच भाजायचे, हा विधी तिने सिद्ध केला. पहिला जोड शेजारच्या बकरीच्या गळ्यात बांधला. ती बकरी कुंडले मिरवीत कुंपणे ओलांडू लागली, तेव्हा मला हसू आवरेना. "काहून हसून राहिले, दाजी? पालखीपेक्षा हीच जास्त उड्या मारती." देवीसाठी अर्थातच नवा जोड घडला. तो ओढून पाहिला तर पाप लागेल का, असे तिने भीत भीत विचारले. भक्ताने आपल्या सेवेची परीक्षा अवश्य घ्यावी, असे मी सांगताच तिने तो असा ओढला की मीच डोळे मिटले.

पुढल्या चैत्रात हळद शिजविण्याच्या चुलाणाच्या खड्ड्यात एका भोयाचा पाय गेला आणि पालखी कलंडली. हार तुटला, छत्र वाकले, फुले विखुरली. कुंडले मात्र झुलली, आणि झुलतच राहिली. सारे गाव "उदो, उदो" म्हणत असता वर्षभराने मेहुणी देवीसमोर आली आणि मान ताठ ठेवून उभी राहिली.

पुढे खुद्द जावेनेच एक जोड मागितला. मेहुणीने तिच्या कानाची पाळी धरून ओढली.

"अगं, ओढून काहून राहिली?"

"आधी कान टिकतो का बघते."

उतारवयात पुण्याला लेकीकडे राहावयास गेल्यावरही दर चैत्रात तिचा फोन येई, "ओढून पाहिलं का, दाजी?" यंदा तसे विचारणारे कोणी उरले नाही. कुंडलांचा रंग धुपाने काळवंडला आहे. मुखवट्याला ती चढविण्याआधी मी प्रत्येक हलकेच ओढून पाहिले, आणि रिकाम्या गाभाऱ्यात कोणाला तरी सांगितले, "बराबर हाय."