घरच्या माणसाकडून बिल

डोणगावच्या शाळेत मी पोरांना ग्राहकाचे हक्क शिकवतो. पक्कं बिल मागा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून घाबरू नका. मी फळ्यावर लिहितो, पोरं उतरवून घेतात. शिकवायला माझ्या बापाचं काय जातं!

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आंदणात द्यायची वॉशिंग मशीन मी देऊळगाव राजाला, आईच्या चुलतभावाच्या दुकानातून घेतली. या मामांनीच सोयरीक जुळवली होती. पैसे रोख दिले आणि बिलाचा विषय काढला, तर मामा हसले.

“काऊन बे मास्तर, घरच्या मान्साले बिल मांगतं का कोनी?”

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मला लाज वाटली. आमच्याकडे सोयऱ्याकडे बिल मागणं म्हणजे पंगतीत वाढलेली पोळी तोलून घेण्यासारखं. त्यातून ज्या माणसानं बहिणीचं लग्न जमवलं, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बिनशिक्क्याचं वॉरंटी कार्ड खिशात घालून मी घरी आलो.

मशीन धाड गावी, बहिणीच्या सासरी गेली आणि तिसऱ्या धुण्यालाच बंद पडली. घरात आठ माणसं. सासूनं शेजारच्या बायका बोलावून दाखवलं, सुनेनं माहेरून काय भंगार आणलंय ते. बहीण फोनवर रडत म्हणाली, “दादा, रोज आयकून घ्या लागते. कायबी कर, पन मशीन बदलून दे.”

मी मामांकडे गेलो. बदलून द्या, नाहीतर दुरुस्त तरी करून द्या, एवढंच म्हणालो.

“बिल हाय का?” मामा म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. मग माझंही डोकं सटकलं. बिल तुम्ही दिलं नाही, हेच बेकायदेशीर आहे, जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करीन, असं मी भर दुकानात सुनावलं. फळ्यावरचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा दुकानात बोललो, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

मामा चिडले नाहीत. त्यांनी बहिणीच्या सासऱ्यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन काउंटरवर ठेवला.

“पाव्हने, आमचा मास्तर मले कोर्टात नेऊन राह्यला. म्या खराब माल देल्ला म्हनते. मशीन कोनं बिघडवली, जरा सुनेले इचारा बरं.”

पलीकडे सासूचा चढलेला आवाज ऐकू आला. मग बहीण बोलली.

“मामा, मशीन चांगली होती. म्याच तिच्यावर बादलीनं पानी ओतलं. माही चूक झाली.”

खोटं होतं. मी “अगं” म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. बिल नसलं तरी आयोगापुढे काहीतरी मांडता आलं असतं. आता जिच्यासाठी भांडायचं तिनंच चार माणसांत कबुली दिली होती. मामांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्यायलो, याचा मला अजून राग येतो.

बसस्टँडवर येऊन मी तिला फोन केला. “काऊन खोटं बोलली वं?”

ती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, “दादा, तू तक्रार करशीन अन् तुह्या घरी जाशीन. मले इथंच राह्याचं हाय. ठेव आता, कपडे भिजू घातले हायेत.”