पिशवीमुळे

सायकलच्या बोल्टचं वजन ग्रॅममध्ये सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, हा गंमत करतोय. नव्हता करत. बोरीवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गेटवर, रविवारी सकाळी साडेपाचला, त्याने खिशातून चार बोल्ट काढून तळहातावर ठेवले होते. टायटॅनियमचे. जुन्यांपेक्षा अकरा ग्रॅमने हलके, म्हणे. बाकीचे पुरुष माना वाकवून बघत होते, बारशाला आल्यासारखे. मी त्याच्या पोटाकडे बघत होते. पोट सातव्या महिन्यातलं आणि बोल्ट टायटॅनियमचे. दोन रविवार वडापाव सोडला असता तर जास्त हलका झाला असता, पण सोडलेला वडापाव चारचौघांत दाखवता येत नाही.

आमचा ग्रुप सात जणांचा. सहा पुरुष आणि मी. रविवारी हायवेने आरे कॉलनीत शिरायचं, तबेल्यांच्या मागून कच्च्या वाटेला लागायचं, दगड आणि मुळं तुडवत एक टेकडी चढायची, वर जरा टेकायचं आणि परत यायचं. मी महापालिकेच्या एका दवाखान्यात औषधं देते. पन्नाशीला दोन वर्षं कमी आहेत. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलं म्हणून साधी सायकल घ्यायला गेले होते. आमच्याच बिल्डिंगमधला एक जण हौसेने बरोबर आला आणि जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल माझ्या गळ्यात मारली. तोच ग्रुपचा म्होरक्या. त्याला मी इथे म्होरक्याच म्हणेन, आवडेल त्याला.

पिशवीची सुरुवात एका पंक्चरने झाली. माझ्या तिसऱ्याच राइडला टायटॅनियमवाल्याचा टायर बसला आणि सहाच्या सहा जणांकडे पंप नव्हता. माझ्याकडे होता, कारण दुकानदाराने घ्या म्हटलं आणि मी घेतला. लाखाच्या सायकली घेऊन फिरणारे सहा जण तबेल्याच्या भिंतीशी उभे राहून माझ्या हातातल्या साध्या पंपाकडे आशेने बघत होते. मला लाज वाटली, त्यांच्या वतीने. पुढच्या रविवारी मी दोन ट्यूबही घेतल्या. मग पंक्चरचं किट, चेन तुटली तर जोडायची कडी, पाने, चेनचं तेल, बँडेज, ओआरएसची पाकिटं, शेंगदाण्याची चिक्की, कोणाचा तरी रेनकोट. आणि पाणी. पाठीवरच्या पिशवीत तीन लिटरची रबरी थैली बसते आणि तिची नळी खांद्यावरून तोंडापर्यंत येते. हे साहेब एका बाटलीवर निघायचे, कारण पाण्याला वजन असतं. माझ्या पाठीवर आलं की त्याला वजन नसावं बहुतेक. अर्ध्या वाटेत बाटली संपली की, "ताई, एक घोट." नळीला तोंड लावू द्यायचे नाही मी. थैली उघडायची आणि एकेकाच्या बाटलीत ओतायची, पाणपोईवर बसल्यासारखी.

काहीही बिघडलं की ग्रुपमध्ये एकच वाक्य ऐकू यायचं, ताईकडे असेल. खरचटलं, ताईकडे असेल. भूक लागली, ताईकडे असेल. एकाचा चष्म्याचा स्क्रू पडला तेव्हासुद्धा त्याने माझ्याकडे बघितलं. होता माझ्याकडे, ती गोष्ट वेगळी.

घरी आई आहे, मालवणची. बाबा गिरणीत होते तेव्हापासून मुंबईत आहे, पण बोली सोडलेली नाही. रविवारी पहाटे मी पिशवी भरायला बसले की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. "कित्याक गो येवढा ओझा घेवन जातंस? तेंका हात नाय काय?" मी म्हणायचे, आहेत, पण त्या हातात ग्रॅमचा काटा आहे. आई हसायची आणि मला बरं वाटायचं.

चढावर मी कायम शेवटची. आरेतल्या त्या टेकडीवर एक उंबर आहे, तिथे वाट वळते. त्या वळणावर पुढच्या सहा जणांच्या पाठी दिसेनाशा व्हायच्या आणि मी एकटी उरायचे. धापा टाकत, खांद्यात रुतलेले पट्टे सरकवत, मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करत. मला शेवटी येण्याचं दुःख नव्हतं. साडेसात किलो पाठीवर घेऊन कोण पुढे जाईल? मी हे घरी सांगायचे, दवाखान्यात सांगायचे, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही सांगायचे. पिशवीमुळे. नाहीतर ह्या हौशी मंडळींना मी उंबराच्या आधीच मागे टाकलं असतं. तीन वर्षं मी ह्या एका वाक्यावर ऐटीत जगले.

मग जव्हारकडच्या राइडचं निघालं. दोन दिवसांची, जंगलातून कच्चा रस्ता, मोठा घाट, मागून भाड्याची एक जीप. गेटवर बेत ठरत होता. म्होरक्या अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, तू जीपमध्ये ये. सामान घेऊन. आम्हाला पण टेन्शन नाही, तुला पण नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सामान घेऊन. म्हणजे मी हमाल, आणि तेसुद्धा बसून येणारी. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी पिशवी घरी ठेवते. आपापलं सामान आपापल्या अंगावर घ्या. मग वर कोण कधी पोचतंय ते बघू, आणि जीपमध्ये कोणी बसायचं तेही तेव्हाच ठरवू." म्होरक्या वाकून टायर दाबायला लागला. टायटॅनियमवाला उगाच ब्रेक दाबून बघत होता. मला वाटलं, घाबरले.

तो आठवडा मी हवेत होते. दवाखान्यात रांगेतल्या म्हाताऱ्यांशी गोड बोलले. रविवारी एक बाटली सायकलला अडकवली आणि निघाले. पाठ इतकी मोकळी लागत होती की दोनदा हात मागे नेऊन बघितला. हायवेवर मी दुसऱ्या नंबरला होते. तबेल्यांपाशीसुद्धा दुसरी. मनात म्हटलं, आता बघा लेको.

चढ सुरू झाला आणि पहिल्या शंभर पावलांत टायटॅनियमवाला ते पोट घेऊन माझ्या शेजारून गेला. श्वाससुद्धा लागला नव्हता त्याला. मग बाकीचे गेले. मी गिअर हलका केला, मग अजून हलका केला, मग खाली उरलाच नाही. मांड्या भरून आल्या, घशाशी आलं. पट्टे रुतत नव्हते, पाठ दुखत नव्हती. बाकी सगळं रोजचंच होतं. आणि उंबराच्या वळणावर सहा पाठी दिसेनाशा झाल्या. त्याच झाडाशी. दहा हात पुढे ना मागे.

मी उतरले. तिथे कोणी नव्हतं, पाड्याकडे जाणारी एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन शेजारून गेली, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मला रडायला येत होतं आणि त्याचाच राग येत होता. तीन वर्षं मी ज्या साडेसात किलोंवर खापर फोडलं, ते कारणच नव्हतं. मी हळू होते. पिशवी असो, नसो, मी हळू होते. उरलेली टेकडी सायकल ढकलत चढले.

वर एकाचा टायर पंक्चर झाला होता आणि काम आटपत आलं होतं. टायटॅनियमवाल्याच्या हातात पंप होता, मूठ झिजलेली. म्होरक्याच्या पायाशी पान्यांचा संच, ट्यूब, किट, पाण्याची भरलेली दुसरी बाटली, सगळं छोट्या थैलीत नीट लावलेलं. नवीन नव्हतं त्यातलं काही. माझ्या तोंडावर बहुतेक दिसलं असावं, कारण म्होरक्या खाली बघायला लागला.

"हे कधीपासून आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील," तो म्हणाला. "सगळ्यांकडेच आहे."

"आणि मी येड्यासारखी वाहतेय?"

"ताई, आम्ही म्हटलं होतं ना तुला. आमचं आम्ही आणतो म्हणून. तू किती चिडलीस तेव्हा."

हे मी इथे आत्तापर्यंत लिहिलं नाही. खरं आहे ते. दोन वर्षांपूर्वी ह्याच टेकडीवर त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी म्हणाले होते की तुमच्यावर काडीचा भरवसा नाही, राहू दे माझ्याकडेच. मला आठवत होतं. सांगताना तेवढं गाळायची सवय लागली होती.

"मग पाणी का मागायचात माझ्याकडे?"

त्याने टायटॅनियमवाल्याकडे बघितलं. टायटॅनियमवाला म्हणाला, "तुला बरं वाटायचं ना, ताई."

फुकट्या म्हणून ज्यांना मी तीन वर्षं नावं ठेवली, ते भरल्या बाटल्या लपवून माझ्याकडे पाणी मागत होते. फुकटेपणा मला परवडला असता. माझी कीव करत होते हे, सहा जण मिळून, ठरवून. आणि मी पाणपोईवर बसून तोरा मिरवत होते. त्या क्षणी हाती लागला असता तर मी तो टायटॅनियमचा बोल्ट चावून खाल्ला असता.

मी सायकल झाडाला टेकवली. बाटलीचं झाकण उघडलं. तेवढ्यात म्होरक्या उठला, हेल्मेट घातलं, धूळ झाडली आणि म्हणाला, "चला." सगळे उठले. तीन वर्षं हे असंच होतं. आधी पोचलेले वीस मिनिटं बसायचे, गप्पा मारायचे, फोटो काढायचे, आणि मी पोचले की विश्रांती संपायची. जिला सगळ्यात जास्त गरज तिला एक मिनिट नाही. मी कधी थांबा म्हटलं नाही. थांबा म्हटलं असतं तर मी हळू आहे हे तोंडाने म्हणावं लागलं असतं. मी झाकण लावलं आणि त्यांच्या मागोमाग उतरले.

घरी आई निकालाची वाटच बघत होती. "मगे? पयली इलंस?"

"एकाचं पंक्चर झालं," मी म्हटलं आणि आंघोळीला गेले. खोटं नव्हतं. पण नळाखाली उभी राहून मला स्वतःची जेवढी शिसारी आली तेवढी त्या सहा जणांची तीन वर्षांत आली नव्हती.

मंगळवारी म्होरक्याचा मेसेज आला, मला एकटीला. "ताई, जीप राहू दे. तू सायकलवरच ये. पिशवी मात्र तुझ्याकडेच ठेव, आमचं काही खरं नाही." शेवटी एक हसरा चेहरा. चांगला माणूस आहे तो, हे मी नाराजीने का होईना, लिहून ठेवते. माझं ते 'पिशवीमुळे'चं वाक्य तो मला परत देत होता, इस्त्री करून. घेतलं असतं तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. मी पिशवी कपाटातून काढून पलंगावर ठेवलीसुद्धा. पंप आत टाकला. मग बाहेर काढला.

रात्रीच्या जेवणाआधी मी ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं. "मी येतेय. सायकलवर. सामान आपापलं. मी हळू चालवते, पिशवीचा काही संबंध नाही." एवढ्या ओळींना मला पाऊण तास लागला. सहा अंगठे आले. कोणी काही लिहिलं नाही, शहाणे आहेत.

जव्हारचा घाट मी सांगण्यासारखा चढले नाही. चार वेळा उतरले, दोनदा ढकलली. एक पंप, एक ट्यूब, दोन बाटल्या, एवढंच बरोबर होतं. शेवटच्या वळणावरून वर बघितलं तर सहाही जण दगडांवर बसलेले. मला बघून टायटॅनियमवाल्याने टाळ्या वाजवल्या, त्या मला अजिबात आवडल्या नाहीत. मी पोचले, सायकल आडवी केली. म्होरक्या सवयीने उठला आणि हेल्मेटचा पट्टा लावायला लागला. बाकीचेही उठले.

"बसा," मी म्हटलं. "मी आत्ता आलेय."

म्होरक्याचा हात पट्ट्यावरच थांबला. त्याने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पट्टा सोडला आणि दगडावर बसला. एकेक करून सगळे बसले. मी बूट काढले, पाय लांब केले आणि बाटली उघडली. तीन वर्षांत वर पोचून मी पहिल्यांदा बसून पाणी पीत होते.