भोंगेकाकांचा घास

चपला घ्यायच्या म्हणून भोंगेकाकांनी बायकोला घराबाहेर काढलं आणि चपलांच्या दुकानावरून तिला सरळ पुढे नेलं.

"अहो, दुकान मागे राहिलं," काकू म्हणाल्या.

काका थांबले नाहीत. कोपऱ्यावर पूर्वी घड्याळं दुरुस्त करणारा बसायचा, तिथे आता लालभडक पाटी लागली होती. पाटीवर एक कोंबडा स्वतःच टोपी घालून हसत होता. काचेच्या दारातून तळलेल्या कोंबडीचा वास रस्त्यावर आला होता, आणि तो नाकात शिरताच काकूंच्या लक्षात सगळा डाव आला. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"नाही हं. मुळीच नाही."

"नुसतं बसू," काका म्हणाले. म्हणाले म्हणजे काय, कागदावर कागद घासावा तसा आवाज निघाला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि त्यात तो आवाजही विरून गेला.

याच माणसाच्या आवाजाने एकेकाळी भाजीचा घाऊक बाजार जागा व्हायचा. क्रेटच्या उतरंडीवर उभं राहून ते लिलाव पुकारायचे, आणि बाजाराच्या पार पलीकडच्या फाटकापाशी चहा पिणारा व्यापारी तिथूनच बोट वर करायचा. भोंगा हे नाव तिथलंच. वय वाढलं तसं नावाला काका चिकटले. खाण्यातही गडी तसाच दणदणीत. त्यांच्या शेजारी बसलं की आजाऱ्यालाही भूक लागते, असं हमाल म्हणायचे.

मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणांचे उपचार झाले. जीव वाचला, पण आवाज गेला आणि गिळणंही गेलं. लहान पोराला चालायला शिकवावं तसं हॉस्पिटलातल्या बाईंनी त्यांना गिळायला शिकवलं. हनुवटी छातीला टेकवायची, मान डावीकडे वळवायची, गिळायचं, पुन्हा गिळायचं, मग खोकायचं. साधं पाणीसुद्धा चालत नव्हतं. पातळ पाणी श्वासाच्या नळीत उतरतं, म्हणून त्यात पावडर घालून ते दाट करायचं. ती बाटली काकूंच्या पिशवीत कायम असायची. जेवण म्हणजे मिक्सरमधून निघालेला गोळा. मध्यंतरी एकदा काकांनी हट्टाने उकडलेलं अंडं खाल्लं, आणि काकूंच्या डोळ्यांदेखत त्यांचे ओठ निळे पडले. त्या दिवसापासून काकूंनी घरातली सुरीसुद्धा त्यांच्या हाताला लागू दिली नव्हती.

आणि आता हा माणूस काचेचं दार ढकलून आत शिरला होता.

काकू मागोमाग गेल्या. चारचौघांत तमाशा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि काकांना हे चांगलंच ठाऊक होतं. काउंटरवर मालक स्वतः उभा होता. गोलमटोल, घामाने डबडबलेला, नवीन दुकानाच्या उत्साहाने फुललेला.

"या या! काय देऊ? तिखट की साधं?"

काकांनी दोन बोटं दाखवली आणि मग 'साधं'च्या पाटीवर बोट ठेवलं.

"दोन प्लेट साधं. सोबत बटाट्याचा लगदा आणि ग्रेव्ही येते बरं का!"

भिंतीकडेच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसले. काकूंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

"ऐका माझं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "वरचं कुरकुरीत आवरण तुम्ही खायचं नाही. आतलं मांस मी सोलून देईन, धागा धागा करून, ग्रेव्हीत बुडवून. तेही एकच घास. कबूल?"

काकांनी मान डोलावली.

"शपथ घ्या."

"तुझी," काका म्हणाले.

"माझी नको. स्वतःची घ्या."

काका हसले. काकू नाही हसल्या. सोलायचं तर हात स्वच्छ हवेत, म्हणून त्या मागच्या बेसिनकडे गेल्या. जाताना दोनदा वळून पाहिलं.

नेमका तेव्हाच ट्रे आला.

सोनेरी, खडबडीत तंगडी. आवरणावर तेल अजून चुरचुरत होतं. काका बघत राहिले. किती तरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्यापुढे आकार असलेलं अन्न ठेवलं होतं. त्यांना शपथ आठवत होती, अंडंही आठवत होतं. तरी हात उचलला गेला. एक कोपरा, नखाएवढा. दातांखाली तो कडकन मोडला आणि तो आवाज त्यांना कानात नाही, थेट कवटीत ऐकू आला. मीठ, मिरी, गरम तेल. त्यांनी डोळे मिटले. चावून चावून त्याचं पीठ केलं. हनुवटी खाली घेतली, मान डावीकडे वळवली, गिळलं.

गेलं.

दुसऱ्यांदा गिळायला गेले आणि एक कण मागे राहिला. तो सरकला. कुठे सरकला ते काकांना लगेच कळलं.

श्वास आत येईना. खोकायला हवा लागते, आणि हवाच नव्हती. त्यांनी टेबलाची कड धरली. ट्रे खाली पडला. शेजारच्या टेबलावरचा एक दांडगा तरुण धावत आला आणि पाठीत दणादण गुद्दे घालू लागला. काउंटरमागून मालक पाण्याचा ग्लास घेऊन धावला.

"पाणी घ्या काका, पाणी! काही होत नाही, एक घोट!"

पाणी नको, हे काकांना ओरडून सांगायचं होतं. घशातून चकार शब्द फुटेना. त्यांनी ग्लास ढकलला. मालकाला वाटलं, म्हातारा घाबरलाय. त्याने एका हाताने त्यांची मान मागे केली आणि दुसऱ्या हाताने ग्लास ओठांना लावला. मान मागे गेली की श्वासाची नळी उघडी पडते, हे गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी शंभरदा बजावलं होतं. काकांना काचेचा गारवा ओठांवर जाणवला. डोळ्यांपुढे काळं पडू लागलं.

"पाणी नको! हात काढा! सगळे बाजूला व्हा!"

काकूंचा आवाज होता. इतक्या वर्षांच्या संसारात काकांनी तो इतका चढलेला ऐकला नव्हता. मालकाच्या हातून ग्लास निसटला. तरुण दोन पावलं मागे सरला.

काकूंनी नवऱ्याचं डोकं पुढे वाकवलं, पार टेबलाला टेकेल इतकं. ओल्या हाताने मान डावीकडे धरली.

"माझ्याकडे लक्ष द्या. नाकातून घ्या. थोडी. अजून थोडी. आता खोका."

काही झालं नाही.

"पुन्हा. घाई नको. थोडी हवा. हां. खोका!"

एक कोरडी, फाटकी उबळ आली. मग दुसरी, जोराची. कागदी रुमालावर तिळाएवढा तपकिरी कण पडला. काकांच्या छातीत हवा शिरली, शिट्टी वाजावी तशी.

दुकानात कुणी हललं नाही. फक्त कढई चुरचुरत होती.

"ॲम्ब्युलन्स बोलावू?" मालकाने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काकू, आमचं उद्घाटन होऊन पंधरवडासुद्धा झाला नाही हो."

"नको," काकू म्हणाल्या. त्यांनी बाटलीतलं दाट पाणी काकांना चमच्याने पाजलं, झाकण लावलं आणि पिशवी खांद्याला अडकवली. "उठा. घरी चला."

काका उठले नाहीत.

"चला म्हणते ना! मी घरी तुम्हाला कसं न्यायचं होतं, आडवं? शपथ घेतली होती तुम्ही!"

"चुकलं," काका म्हणाले. मग दम घेऊन म्हणाले, "बस. आता तुझ्या पद्धतीने."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. माणूस वेडा आहे की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण काका खुर्चीत रोवल्यासारखे बसले होते. शेवटी काकू बसल्या. मालकाने न सांगता नवी प्लेट आणली आणि जास्तीची ग्रेव्हीही ओतली.

काकूंनी आवरण सोलून बाजूला ठेवलं. आतलं पांढरं मांस धाग्याधाग्याने सुटं केलं, बोटांनी चुरलं, बटाट्यात आणि ग्रेव्हीत कालवलं. आधी स्वतः जिभेवर ठेवून पाहिलं. मग अर्धा चमचा पुढे केला.

काकांनी चावलं. हनुवटी खाली, मान डावीकडे. गिळलं. पुन्हा गिळलं. तो तरुण आपलं खाणं सोडून बघत होता. मालकाने झारा हवेतच धरला होता. काका खोकले. खोकला कोरडा होता, स्वच्छ होता.

"गेलं," ते म्हणाले.

काकूंनी टेबलाखाली पदराने हात पुसले, बराच वेळ पुसत राहिल्या.

"आता तू खा," काका म्हणाले.

"मला भूक नाही."

"तू स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून बिस्किट चोखतेस. मला आवाज जाऊ नये म्हणून." एवढं लांब वाक्य बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. "मला दिसतं गं. मी आंधळा नाही झालेलो."

काकूंनी सोललेल्या आवरणाचा तुकडा उचलला आणि तोंडापुढे हात धरून चावला. काकांनी तो हात खाली ओढला. कडाड आवाज झाला. काका त्यांच्या जबड्याकडे टक लावून बघत होते.

"कसं आहे?"

काकूंचे डोळे भरून आले होते. "मीठ जास्त पडलंय," त्या म्हणाल्या.

"मीठ?" काउंटरवरून मालक दचकून म्हणाला, आणि सगळं दुकान हसलं.

घरी गेल्यावर लेकीचा फोन आला. काकूंनी सगळं सांगितल्यावर तिने बापाची यथेच्छ हजेरी घेतली. हॉस्पिटलातल्या बाईंनी तर काकूंनाही सोडलं नाही. आवरणाचं नाव काढायचं नाही, असा दोघांना दम भरला. पण कालवलेला घास मात्र त्यांनी स्वतः समोर बसवून खायला घातला, आणि हे चालेल म्हणाल्या.

आता दोघं अधूनमधून दुपारच्या निवांत वेळी तिथे जातात. मालक पाण्याचा ग्लास टेबलाच्या आसपाससुद्धा फिरकू देत नाही. कधी चार घास जातात, कधी एकही जात नाही. जात नाही त्या दिवशी काका चिडतात, टेबलावर बोटं आपटतात, चल म्हणतात. काकू आपली प्लेट पूर्ण संपल्याशिवाय उठत नाहीत.